दोरा क्रमांक दोनशे चौदा

शनिवारी सकाळी खिडकीजवळच्या तीन फळ्यांवर मिळून एकोणचाळीस रोपं होती. वरच्या फळीवर बारा, मधल्या फळीवर चौदा, खालच्या फळीवर तेरा. प्रत्येक रोप प्लास्टिकच्या छोट्या कुंडीत, कुंडीच्या तळातून बाहेर आलेली नायलॉनची वात खालच्या डबीतल्या पाण्यात बुडालेली. एकोणचाळीसपैकी एकतीस रोपांना कळ्या होत्या. कळ्या एकशे चार. त्यांपैकी रंग दाखवणाऱ्या सतरा. आणि उघडलेलं फूल एक, मधल्या फळीवर डावीकडून तिसऱ्या कुंडीत, रोप क्रमांक सात-ब, म्हणजे सातव्या पानापासून फुटलेलं दुसरं रोप. फूल साधं होतं. मी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. मग खोलीतला दिवा बंद केला, पडदा बाजूला केला आणि नुसत्या उजेडात पाहिलं. पाच पाकळ्या, फिकट जांभळ्या, मधोमध परागाच्या दोन पिवळ्या पिशव्या. एकाही पाकळीवर पट्टा नव्हता. आत बाबा चहाची भांडी आपटत होते, म्हणजे चहा झाला होता. मी ओरडून सांगितलं, "आले." आणि तिथेच उभी राहिले.

पट्टा असायला हवा होता. आईच्या झाडाला होता. आफ्रिकन व्हायोलेट हे खरं तर खिडकीतलं गरीब झाड, मऊ केसाळ पानांचं, बशीएवढं. फुलं जांभळी, गुलाबी, पांढरी, कुठल्याही रोपवाटिकेत रांगेनं मांडलेली असतात. पण आईच्या झाडाच्या प्रत्येक पाकळीवर घशापासून काठापर्यंत एक गडद पट्टा होता, कडा फिकट, मध्ये गडद, आणि पाचही पट्टे मिळून फूल भिरभिऱ्यासारखं दिसायचं. बघत राहिलं की फिरायला लागेल असं वाटायचं. आई त्याला पट्टेवाली म्हणायची. बाबा म्हणायचे, "पट्टेवाला म्हण. साहेबाच्या केबिनबाहेर स्टुलावर बसल्यासारखंच बसलंय खिडकीत." त्यावर आई, "तुमच्या लिफ्टमध्ये तरी नाही ना बसलं, मध्येच अडकून." बाबांनी चौतीस वर्षं लिफ्टची दुरुस्ती केली. आईचं कपडे दुरुस्त करण्याचं दुकान होतं, रस्त्याच्या पातळीच्या खाली चार पायऱ्या उतरून. तिथून बाहेर बघितलं की माणसांचे फक्त पाय दिसायचे, आणि आई पायांवरून गिऱ्हाईक ओळखायची. कोटाचं अस्तर बदलणं, पॅन्ट आखूड करणं, बिघडलेली चेन काढून नवी बसवणं. नवं काही ती शिवत नसे. "नवं सगळेच शिवतात," म्हणायची.

सहा वर्षं ती फुलांचे संकर करत होती, पण मला ते संकर वाटायचे नाहीत, कारण तिच्याकडे भिंग नव्हतं, चिमटा नव्हता, वहीसुद्धा धड नव्हती. शिवण उसवायचं जे छोटं टोकदार हत्यार असतं त्यानंच ती परागाची पिवळी पिशवी फाडायची, आतली धूळ अंगठ्याच्या नखावर घ्यायची आणि ते नख दुसऱ्या झाडाच्या फुलाला लावायची, कपाळाला टिकली लावावी तसं, एका झटक्यात. मग त्या देठाला दोरा बांधायची. जे राखायचं त्याला दोरा, ही तिची पद्धत. बीजकोश पिकायला पाच-सहा महिने, बी धुळीएवढं, त्यातून रोप, रोपातून फूल यायला पुन्हा वर्ष. दोरा बांधल्यापासून फूल बघेपर्यंत दीड-दोन वर्षं जायची, आणि बहुतेक वेळा फूल बघून ती "हं" म्हणायची आणि रोप गिऱ्हाइकाला देऊन टाकायची. नोंदी मापाच्या वहीत. पुढून छाती, कंबर, बाही. वही उलटी करून मागून झाडं. फूल पावणेदोन इंच. पान गोल, काठ सरळ. आणि रंग दोऱ्याच्या क्रमांकात. दोऱ्याच्या कंपनीनं दिलेलं छटांचं कार्ड होतं तिच्याकडे, खऱ्या दोऱ्याचे तुकडे चिकटवलेलं, चारशे छटांचं, तेच ती फुलाशेजारी धरायची. पट्टेवाली कडेला दोनशे चौदा होती, पट्ट्यात सत्याऐंशी. मी रसायनशास्त्राची, पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी करते, दिवसभर बाटल्यांतला गढूळपणा आकड्यात मांडते. मला हे सगळं गमतीचं आणि थोडं लाजिरवाणं वाटायचं. "आई, दोऱ्याचा रंग कंपनीगणिक बदलतो. जगात कुणाला कळणार दोनशे चौदा म्हणजे काय?" ती दात दोऱ्यावर ठेवूनच म्हणाली, "मला कळतं. तुला कळतं. शास्त्रज्ञीणबाई, अजून कुणाला कळायला हवंय?"

पट्टेवाली संकरातून आली नाही, हे तिनं मला दोन-तीनदा सांगितलं होतं आणि मी दोन-तीनदा ऐकलं नव्हतं. संकराच्या एका साध्या फिकट झाडाच्या बुडाशी एक पिल्लू फुटलं. पिल्लू म्हणजे मुख्य गाभ्याच्या कडेला, पानांच्या बेचक्यात येणारा छोटा दुसरा गाभा. व्हायोलेटवाले ते लगेच काढून टाकतात, कारण त्यानं झाडाचा गोल आकार बिघडतो. आईनं काढलं, पण टाकवलं नाही म्हणून कपात लावलं, आणि त्याला वर्षभरानं फूल आलं ते पट्ट्याचं. त्या दिवशी तिनं दुकान अकरा वाजता बंद केलं. मी प्रयोगशाळेतून आले तर दोघं खिडकीपाशी स्टुलं ओढून बसलेली, मधे कुंडी, जणू कुणी पाहुणी आली आहे. बाबा म्हणाले, "हात लावू नकोस हं. तुझी आई मलाही श्वास घेऊ देत नाहीये."

ती पाहुणी पुढं दोन वर्षं एकटीच राहिली. आणि तिची नोंद करायची हे मात्र मी ठरवलं. व्हायोलेटवाल्यांची एक संस्था आहे, नव्या जातींची यादी ठेवते. वर्णनाचा तक्ता भरून द्यायचा, फोटो जोडायचा, आणि वाढवलेल्या रोपांमध्ये गुण टिकतो का ते दाखवायचं. टिकला तर नाव यादीत, आणि नावापुढं ते निर्माण करणाऱ्याचं नाव. आईचं नाव कुठल्याही यादीत यावं असं मला वाटत होतं. दुकानाच्या पाटीवर ते नव्हतं, पाटीवर फक्त 'दुरुस्ती' एवढंच होतं. तेव्हा ती आजारी पडली होती. तक्ता भरायला घेतला तेव्हा तिला रुग्णालयात नेऊन चार दिवस झाले होते. मी प्रत्येक रकाना दोनदा मोजून भरला: झाडाचा व्यास बावीस सेंटिमीटर, पानं एकोणीस, फुलाचा व्यास साडेचार, एका देठावर फुलं पाच ते सात. रंगासाठी संस्थेची छापील रंगपट्टिका मागवली आणि दोनशे चौदा व सत्याऐंशीच्या जागी त्या पट्टिकेतले क्रमांक लिहिले. आईच्या वहीतली मागची सगळी पानं संगणकात उतरवली, इंचांचे सेंटिमीटर केले, 'जरा मोठं' असं जिथं होतं तिथं प्रश्नचिन्ह टाकलं. फोटो मात्र वरून हवा होता, गाभा एकच दिसेल असा, आणि पट्टेवालीला त्या महिन्यात डाव्या अंगाला दोन पिल्लं आली होती, प्रत्येकी करंगळीच्या नखाएवढी, चार-चार पानांची. कुंडीच्या त्या बाजूच्या काठाला दोऱ्याची एक सैल गाठ होती. फोटोत ती वाईट दिसली असती. मी गाठ सोडली, चिमट्यानं पिल्लं काढली, गाभ्याला धक्कासुद्धा लागू दिला नाही, झाड वीस अंश फिरवलं आणि फोटो घेतला. इतका नीट फोटो मी आयुष्यात घेतला नव्हता.

तिसऱ्या दिवशी तो मी आईला दाखवला. तिच्या हातावर सुईच्या जागी निळं झालं होतं, तरी तिनं फोन स्वतःच धरला आणि दोन बोटांनी फोटो मोठा केला.

"बाजूला दोन पिल्लं होती ना गं, डाव्या अंगाला?"

"काढली. एकच गाभा दिसायला हवा, नियमच आहे तसा."

"कधी?"

"परवा."

"कुठं ठेवलीस?"

"ठेवायची कशाला? केरात टाकली."

ती फोटोकडे बघत राहिली. शेजारच्या खाटेवरच्या बाईचा रेडिओ हळू लावलेला होता, त्यात कुणीतरी रहदारीची बातमी देत होतं. "कचऱ्याची गाडी हल्ली रोज येते का गं?" आईनं विचारलं.

"रोज येते. आता तू इथं पडल्या पडल्या घरातल्या केराची काळजी करू नकोस हं."

"नाही करत." तिनं फोटो पुन्हा लहान केला. "छान गोल दिसतेय. छान काढलायस." मग तिचं लक्ष माझ्या कोटाच्या बटणाकडे गेलं, ते लोंबत होतं. "उद्या सुई-दोरा आण, लावून देते. लोक म्हणतील आई शिवणकाम करते आणि पोरगी बघा." मी आणला. तिला एक बटण लावायला पंचवीस मिनिटं लागली. मी घड्याळ बघितलं होतं म्हणून माहीत आहे. का बघितलं ते माहीत नाही. ते बटण अजून घट्ट आहे.

त्यानंतर बाबांनी पाणी घालायला सुरुवात केली. आयुष्यात झाडाला हात न लावलेला माणूस रोज सकाळी पेला घेऊन खिडकीशी उभा. व्हायोलेटला पाणी खालून, वातीनं. गाभ्यात पाणी साचलं की सडतं, हे घरातल्या भिंतींनासुद्धा पाठ झालं होतं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी समजावून सांगितलं. दुसऱ्यांदा बघितलं तेव्हा आवाज चढला. तिसऱ्यांदा रुग्णालयातून थेट प्रयोगशाळेत जाऊन, तिथून घरी येऊन, बूट न काढताच मी म्हटलं, "बाबा, लिफ्टच्या चाकाला तेल घालताय का? मारायचंय का तिला?" ते पेला हातात धरून उभे राहिले. म्हणाले, "चुकलं. परत नाही." पण तोवर गाभा तपकिरी झाला होता, बोट लावलं तर आत जात होता. सहाव्या दिवशी पट्टेवाली गेली आणि नवव्या दिवशी आई. हे दोन आकडे शेजारी लिहू नयेत, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही, हे मला समजतं.

गाभा सडला तरी बाहेरची पानं धड होती. चौदा. आईला नेल्यानंतरच्या संध्याकाळी, माणसं निघून गेल्यावर, मी ब्लेड उकळत्या पाण्यात बुडवून चौदा देठ तिरके कापले आणि चौदा कपांत लावले. बाबा शेजारी येऊन उभे राहिले. पेला त्यांनी कुठंतरी लपवून ठेवला होता, बरेच दिवस दिसला नाही. "आता काय उपयोग?" असं ते म्हणाले. मी म्हटलं, "बाबा, काही गेलेलं नाही. पानातून जे येतं ते तेच झाड असतं. तसंच्या तसं. नक्कल नाही, तेच." मला तसं शिकवलं होतं, आणि मी ते इतक्या ठामपणे म्हटलं की त्यांचे खांदे खाली आले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, लहानपणी ताप बघायला ठेवायचे तसा, आणि म्हणाले, "म्हणजे मी अगदीच मारलं नाही." मी त्यांना उदारपणे माफ केलं. मला आठवतं, मला तसं करताना बरं वाटलं होतं.

चौदा पानांपैकी तीन कुजली. अकरांना रोपं फुटली, एकेचाळीस, दोन मेली. एकोणचाळीस राहिली. ह्या दहा महिन्यांत मी रोज सकाळी साडेसात वाजता पाण्याच्या डब्या तपासल्या, दर पंधरवड्याला पानं मोजली. घरी आलेली माझी मैत्रीण म्हणाली, "लेकुरवाळी झालीस की." मी हसले. खरं म्हणजे मला सकाळी उठायला काहीतरी कारण हवं होतं आणि एकोणचाळीस कारणं होती.

सात-बच्या त्या साध्या फुलाबद्दल मी बाबांना शनिवारी काही सांगितलं नाही. एका नमुन्यावरून निष्कर्ष काढायचा नसतो. रविवारी चार-अ उघडलं, साधं. सोमवारी तीन फुलं, साधी. प्रत्येक फुलाशेजारी मी आईचं दोऱ्याचं कार्ड धरत होते, छापील रंगपट्टिका हाताशी असताना. रंगपट्टिकेकडे हात जातच नव्हता. दोनशे चौदा. दोनशे चौदा. आईच्या फुलाची कड तेवढी आली होती. दुपारी जेवायच्या सुट्टीत प्रयोगशाळेच्या जिन्यात उभं राहून मी संस्थेच्या नोंदणीवाल्या बाईंना फोन लावला. त्यांचा आवाज वयस्कर, खडखडीत, मागे कुत्रं भुंकत होतं.

"पहिली फुलं फसवतात हो," त्या म्हणाल्या. "थंडी-उन्हाचा फरक पडतो. गप्प रे! तुम्हाला नाही, कुत्र्याला. तुमच्या तक्त्यात पाकळीला मधोमध पट्टा लिहिलाय ना? ही रोपं पिल्लावरून केलीत की पानावरून?"

"पानावरून."

कुत्रं भुंकायचं थांबलं होतं. "पिल्लं नव्हती?" त्यांनी विचारलं.

"होती. दोन." मी म्हटलं, "होती," आणि दुसऱ्यांदा म्हणताना मला माझाच आवाज जिन्यात खालपर्यंत जाताना ऐकू आला.

"बरं," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा खडखडीतपणा कमी झाला होता, तेच मला सहन झालं नाही. "सगळी फुलू द्या. सगळी फुलली की लिहा. घाई नाही."

त्या दुपारी मी बाटल्या बाजूला ठेवून वाचत बसले. सगळं लिहिलेलंच होतं, शोधायला चार मिनिटं लागली. अशा पट्ट्याच्या झाडात दोन वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी असतात, एकावर एक, थराथरानं, कोटाला आतून अस्तर असावं तशा. कापड एक, अस्तर दुसरं, आणि दोन्ही एकत्र असतात तोवरच पट्टा. पान लावलं की देठाच्या टोकाशी नवं रोप फुटतं ते एकाच थरातून. दुसरा थर तिथंच संपतो. पिल्लू गाभ्याच्या कडेला फुटतं, म्हणून ते दोन्ही थर घेऊन येतं. पट्ट्याचं झाड पिल्लावरूनच वाढवतात, हे छंदी माणसालाही ठाऊक असतं, असं तिथं एका वाक्यात लिहिलं होतं. रसायनशास्त्रात हे येत नाही. मी हे वाक्य स्वतःशी बरेचदा म्हणून बघितलं. मग माझ्या मनात आलं की आईलासुद्धा हे ठाऊक नसणार. ती कुठं वाचायला गेली होती? आणि तिला ठाऊक नव्हतं तर तिनं माझा फोटो बघून जे म्हटलं ते तसंच होतं, नुसतं छान. मी त्या विचाराला धरून घरी आले, जिना चढले, आणि मापाची वही काढली, तो विचार पक्का करायला.

मागची पानं मी उतरवली होती, ती पाठ होती. म्हणून पुढून उघडली. छाती अडतीस, बाही साडेतेवीस, बाही अर्धा इंच कमी करणे. पॅन्ट आखूड दीड इंच. अस्तर काळं. पाय दिसणाऱ्या खिडकीखाली बसून लिहिलेली ती अक्षरं, पेन्सिल मधूनच जिभेला लावल्यासारखी गडद. दीडशेव्या पानाच्या आसपास, एका राखाडी कोटाच्या मापाखाली, वही उलटी करायचीही फुरसत झाली नसावी अशा जागी, चार ओळी होत्या. 'पट्टेवालीचं पान लावलं होतं. रोपं ४. चारही साधी, २१४. पिल्लूच हवं. वाट बघणे.' तारीख ती आजारी पडायच्या तीन महिने आधीची. ती चार रोपं मला आठवली. गिऱ्हाइकांना दिली होती, कोटाबरोबर, कागदात गुंडाळून. दोन वर्षांत पट्टेवालीला एकही पिल्लू आलं नव्हतं. गाभा खुडला की पिल्लं येतात, असंही मी आता वाचलं होतं, पण एकुलत्या एका झाडावर ब्लेड चालवायला तिचा हात धजला नसेल. ती वाट बघत होती. शेवटी दोन आली, आणि तिनं त्यांच्या बाजूनं दोरा बांधला, आणि तिला रुग्णालयात नेलं.

कचऱ्याची गाडी हल्ली रोज येते का गं.

मी ते पान उघडं ठेवून बराच वेळ बसले असणार, कारण वही मिटली तेव्हा बोटांना पेन्सिलीचं शिसं लागलं होतं. तिनं मनात हिशेब केला होता. परवा टाकली, गाडी एक दिवसाआड येत असेल तर अजून पिशवीत असतील, पिल्लू दोन दिवस तगतं. रोज म्हटल्यावर तिनं फोटो लहान केला. मला आठवायचा प्रयत्न करूनही तिचा चेहरा आठवेना. मी तेव्हा फोटोकडे बघत होते.

पुढच्या शनिवारी सत्तावीस रोपं फुलली होती. सकाळी मी फळ्यांशी गेले तर बाबा आधीच तिथं होते, आणि त्यांच्या हातात तो पेला होता. ते खाली वाकून डबीत पाणी ओतत होते, डबीतच, पानांना थेंब लागू न देता, जीभ दातात धरून.

"किती?" त्यांनी विचारलं.

"सत्तावीस."

"आणि?"

"सत्तावीस साधी."

ते पुढच्या डबीकडे सरकले. त्यांनाही दिसत होतंच. चौतीस वर्षं अंधाऱ्या लिफ्टच्या बोगद्यात तारा ओळखणारा माणूस. "माझ्यानंच गेली म्हणायची," ते म्हणाले. "तू म्हणालीस तेच झाड येतं, म्हणून मी बरेच दिवस जरा… बरा होतो. असो."

त्यांना तिथंच ठेवणं फार सोपं होतं. मी हे लिहून ठेवते आहे कारण मी ते मोजलं. एक, दोन, तीन डब्या भरेपर्यंत मी गप्प होते. मग म्हटलं, "बाबा, तुमच्यामुळं नाही. झाड गेलं ते पाण्यामुळं, पण पट्टा त्याच्या आधीच गेला. पानावरून तो येतच नाही. दोन पिल्लं होती, त्यांच्यावरून आला असता. ती मी काढली. फोटोसाठी."

त्यांनी वर बघितलं नाही. "माहीत आहे," ते म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"पिल्लांचं. तिनंच सांगितलं. तू फोटो दाखवून गेलीस ना, त्याच दिवशी." ते हळूच सरळ झाले, एक हात कमरेवर. "म्हणाली, पोरीनं पिल्लं खुडली. तिला काही बोलायचं नाही, किती मनापासून करतेय. एकदा आली म्हणजे अजून येतील. तुम्ही रोज बघत जा, आणि फुटलं की मला येऊन सांगा."

रस्त्यावरून कुणाची तरी गाडी सुरू होत नव्हती; तीनदा घरघरली, चौथ्यांदा सुरू झाली.

"म्हणून तुम्ही पाणी…"

"मला काय कळतंय झाडातलं? वाटलं, पाणी मिळालं तर लवकर फुटेल. तिच्यापाशी दिवस कमी होते." त्यांनी पेला पालथा करून झटकला, त्यात काही नव्हतं. "रोज विचारायची गं. दार उघडून आत पाऊल टाकतो न टाकतो तोच. फुटलं का? मी म्हणायचो, फुटतंय. डाव्या अंगालाच फुटतंय. शेवटी शेवटी मी मापसुद्धा सांगायला लागलो. आज चार पानं आहेत, म्हटलं."

मी विचारलं, "मग ती काय म्हणाली?"

"म्हणाली, दोरा बांधा."

आम्ही दोघं उरलेल्या डब्या भरत गेलो, ते डावीकडून, मी उजवीकडून. मधल्या फळीवर सात-बपाशी हात एकमेकांना लागले. त्यांनी आपला मागे घेतला, मग पुन्हा पुढे करून माझ्या मनगटावर ठेवला, आणि तिथं एक थेंब पाणी होतं ते अंगठ्यानं पुसलं. मला त्यांची माफी मागायची होती, लिफ्टच्या तेलाबद्दल. ती मी अजून मागितलेली नाही. रोज सकाळी ठरवते आणि ते पेला घेऊन येतात, आणि मग आम्ही डब्या भरतो.

शेवटची कळी, अकरा-क, त्यानंतर सोळा दिवसांनी उघडली, खालच्या फळीवर, अगदी कोपऱ्यात, जिथं उजेड कमी पोचतो. ती उघडेपर्यंत मी तक्त्याचं राहिलेलं शेवटचं पान टेबलावर ठेवलं होतं, पेन त्यावर आडवं. रकान्यावर छापलं होतं: वाढवलेल्या रोपांत गुण टिकला का, किती, वर्णन करा. खिडकीजवळ उत्तरेचा उजेड येतो त्या वेळी, सव्वाअकरा वाजता, मी अकरा-कचं फूल पट्टीनं दोनदा मोजलं, मग कार्ड शेजारी धरलं. मग खाली बसून ते पान भरलं.

पानं लावली: चौदा. रोपं फुलली: एकोणचाळीस. फुलाचा सरासरी व्यास: चार पूर्णांक चार सेंटिमीटर. रंग: दोरा क्रमांक दोनशे चौदा. पट्टा असलेली फुलं: शून्य.